हद्दीबाहेरचा घास

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून, सुखनिवास नावाची बत्तीस घरांची सोसायटी आहे. तिच्या गेटावर एक्केचाळीस नियमांची पाटी आहे. पाटी एवढी मोठी की किल्ला बघायला निघालेली एक सहल तिथंच उतरली, पाटीसमोर फोटो काढले आणि समाधानानं माघारी गेली, असं सांगतात. सहलीचं खोटं असेल, पण पाटीवरचा एकही नियम आप्पासाहेबांनी उगीच लिहिला नव्हता, एवढं मात्र खरं.

आप्पासाहेब म्हणजे तिथल्या चौदा नंबरच्या फ्लॅटमधल्या वच्छलाबाईंचे मालक. त्यांनी मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढली. लोकांच्या शेताचे बांध मोजून रिटायर झाले आणि घरी आल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून त्यांनी सोसायटीच मोजली. साखळी लावली, खुंट्या ठोकल्या. मागच्या अंगाला दीड हात जागा कमी भरली, तेव्हा बिल्डरला बोलावून भिंत सरकवायला लावली. मग चारी बाजूंनी हद्दीवर चुन्याची रेघ मारली, आणि दर दिवाळीला घराला रंग नसला तरी रेघेला चुना असायचाच. त्यांना चेअरमन कुणी केलं, हे कुणालाच आठवत नाही. एक दिवस ते होते, एवढंच. दुपारी दोन ते चार शांतता, हा नियम बारावा. त्या दोन तासांत सुखनिवासमधले कुकरसुद्धा शिट्टी गिळून बसायचे.

वच्छलाबाईंना हे सगळं आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे. शेंद्र्याची जमीन कारखान्यांना गेल्यावर त्यांनी अकरा वर्षं औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत काढली होती. शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, आणि ते येईल तेव्हा घागरींची लढाई. त्या लढाईतला एक हंडा त्यांच्या कपाळावर कायमची खूण ठेवून गेला होता. सुखनिवासात टाकी होती, टँकरची वेळ होती, कुणी कुणाच्या अंगावर हंडा उगारत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी नळ सोडून बंद केला, परत सोडला, परत बंद केला. आप्पासाहेब म्हणाले, "पुरे गं. नियम होईल त्याच्यावर पण."

झाला, पण दुसऱ्याच गोष्टीवर.

शेंद्र्यापासूनची वच्छलाबाईंची एक सवय होती. सकाळी पसाभर ज्वारी पाखरांना टाकायची आणि मातीच्या परळात पाणी ठेवायचं. शेत गेलं तरी सवय राहिली. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि वर गच्ची होती. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, कावळे आले, आणि त्यांच्यामागून अख्ख्या जिल्ह्याची कबुतरं आली. एका उन्हाळ्यात बी विंगच्या पोरांना जुलाब लागले. टाकी उघडली तर आत पिसं, घाण आणि टम्म फुगलेली ज्वारी. आठ दिवसांचं पाणी गटारात सोडावं लागलं. त्या आठवड्यात सुखनिवासच्या माणसांनी एकेका तांब्यात नवरा, बायको आणि स्कूटर धुतली.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. आप्पासाहेबांनी एकोणिसावा नियम वाचला: सोसायटीच्या हद्दीत पक्ष्यांना दाणापाणी टाकू नये. सगळ्यांनी हात वर केले. वच्छलाबाईंनीही केला, कारण नियम बरोबर होता. पण नियम मोडणाऱ्याचं नाव आठ दिवस गेटाच्या फळ्यावर लिहायची तिथं पद्धत होती.

"जाऊ द्या हो," कुणीतरी म्हणालं. "आधी नियमच नव्हता, तर मोडला कसा?"

"पाणी तर वाया गेलंय ना?" आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी खडू घेतला आणि मोजणीच्या नकाशावर काढायचे तसल्या रेखीव अक्षरात लिहिलं: सौ. वच्छलाबाई, फ्लॅट क्र. १४, नियम १९.

आठ दिवस वच्छलाबाई दूध आणायला त्या फळ्यासमोरून गेल्या. चौथ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या चतुराबाई म्हणाल्या, "वच्छलाबाई, नाव मात्र लई झाक काढलंय हो मालकानं." वच्छलाबाई हसल्या. घरी येऊन पिठाच्या डब्यात तोंड घालून रडल्या. डोकं वर काढलं तेव्हा तोंड पांढरं झालेलं. आप्पासाहेबांनी पेपरच्या वरून पाहिलं आणि परत पेपरात डोकं घातलं.

त्या विषयावर त्या घरात एक शब्द निघाला नाही. वच्छलाबाईंनी गच्ची सोडली. पापड विकत आणले, गाद्या खिडकीत वाळवल्या, पण दहा वर्षं गच्चीची पायरी चढल्या नाहीत.

त्याच सुमारास घरात उंदीर झाला.

डब्याचं झाकण घट्ट असायचं, तरी रोज पसाभर ज्वारी कमी. "अहो, उंदीर झालाय घरात," वच्छलाबाई म्हणाल्या. आप्पासाहेब म्हणाले, "असंल," आणि औरंगपुऱ्यातून पिंजरा घेऊन आले. त्यात रोज भाकरीचा तुकडा लागला. नऊ वर्षांत एक शेपूट सापडलं नाही. असा उंदीर त्रिखंडात झाला नाही, झाकण उघडतो, ज्वारी घेतो आणि झाकण परत लावून जातो, असं वच्छलाबाई साऱ्या विंगला सांगायच्या. चतुराबाई म्हणायच्या, "मोजणी खात्यातला असंल. मोजून नेतो बघा."

आप्पासाहेब सकाळी सहाला फिरायला निघायचे. निघताना महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दारात थांबायचे. "चल गं. गेटापर्यंत जाऊन येऊ."

"माझे गुडघे दुखतात."

"दोनशे पावलं बी नाहीत. मी मोजलीत."

"तुमची सोसायटी हाय. तुम्हीच फिरा."

ते चपला घालून जायचे. हेच गुडघे घेऊन वच्छलाबाई दुपारी भाजीबाजारात जायच्या आणि चार किलोची पिशवी घेऊन यायच्या. ते त्यांना दिसत असणार, पण ते कधी बोलले नाहीत.

गेल्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी आप्पासाहेब गेटाबाहेर कोसळले. बाहेर म्हणजे हद्दीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. हद्दीचा चुना बघायला गेले असतील, असं सगळे म्हणाले. खाली राहणारा सम्यक बँकेत नोकरीला आणि सोसायटीचा सेक्रेटरी. त्यानं आपली गाडी काढली. गेटासमोर कुणी गाडी लावू नये, हा सातवा नियम आप्पासाहेबांचाच. त्यामुळं वाट मोकळी होती आणि नऊ मिनिटांत ते दवाखान्यात पोचले. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर जागेवरच गेले असते. म्हणजे त्या नियमानं वच्छलाबाईंना दोन दिवस दिले.

त्या दोन दिवसांत आप्पासाहेबांना बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले, वच्छलाबाईंकडं पाहिलं आणि उजव्या हाताची मूठ वळून हळूच उघडली. परत वळली, परत उघडली.

"किल्ल्या मागतात," वच्छलाबाई म्हणाल्या. पोरगा गोकुळ धावत घरी गेला आणि सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाली पडू दिला आणि डोळे मिटले.

दहाव्याला कायगावला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. दीड तास झाला. गोकुळनं आईची शपथ घेतली, नातवंडांची घेतली. शेवटी सम्यक पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "काका, गेटासमोर कुणी गाडी लावणार नाही. माझी जबाबदारी." कावळा सरळ खाली आला. हे पडेगावात अजून कुणालाही विचारा.

आणि आता, वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, आप्पासाहेबांचं पहिलं पित्र आलं.

वच्छलाबाईंच्या मनात एकच होतं. त्यांनी आपल्या घरी येऊन, आपल्या हातचा घास घ्यावा. घेतला, तर त्या फळ्याचं, त्या नऊ वर्षांच्या मुक्या भांडणाचं मिटलं. नाही घेतला, तर माणूस राग मनात ठेवूनच गेला. पहाटेपासून त्या चुलीशी होत्या. खीर, कढी, गवारीची भाजी, अळूची भजी, उडदाचे वडे. पण घास टाकायचा तो उंचावर, उघड्यावर. म्हणजे गच्चीवर. आणि गच्चीवर नियम एकोणीस.

सम्यक साडेअकराला किल्ली घेऊन आला, कागदही घेऊन आला. "आमच्यात पित्र नसतं, काकू. पण काकांचं काम रीतसरच झालं पाहिजे. कमिटीच्या सह्या घेतल्यात. आजचा दिवस नियम एकोणीस स्थगित."

दहा वर्षांनी वच्छलाबाई गच्चीची पायरी चढल्या. कोपऱ्यात त्यांचा मातीचा परळ होता, पालथा घातलेला. कुणी फेकला नव्हता. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. कठड्यावर पत्रावळ मांडली. रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाच्या झाडावर तीन कावळे बसले होते.

"काव, काव," गोकुळनं हाक मारली.

"ही काय हाक झाली?" चतुराबाई म्हणाल्या. "कंपनीत मीटिंगला बोलावतो काय रे? पोटातून मार." त्यांनी स्वतःच अशी हाक मारली की बी विंगमधलं एक बाळ रडायला लागलं. कावळे हलले नाहीत.

बारा वाजले, साडेबारा वाजले. खाली जेवायला सांगितलेले पाच जण पाटावर बसून पाण्याचे घोट घेत होते. सम्यकनं ठराव लिंबाकडं तोंड करून मोठ्यानं वाचला. सह्या करणाऱ्यांची नावंसुद्धा वाचली. एका कावळ्यानं पाठ फिरवली.

"आप्पा, आईला मी अंतर देणार नाही," गोकुळ हात जोडून म्हणाला. काही नाही. "आप्पा, मी सोडतो. आजपासून सोडतो."

"काय सोडता?" त्याची बायको मेघा मागून म्हणाली.

गोकुळनं पत्रावळ उगीच सरळ केली. मेघानं त्याच्याकडं अशी नजर टाकली की त्याचं पुढचं पित्र तिथंच ठरलं. मग ती सासूकडं वळली. "आई, तुमची शुगर. एक बिस्कीट तरी खा."

"त्यांच्या आधी?" वच्छलाबाई म्हणाल्या.

एक वाजला. ऊन डोक्यावर आलं, खिरीवर साय धरली. वच्छलाबाईंनी पदरानं पत्रावळीवरची माशी हाकलली. त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, चुकलं माझं. चार माणसांत नाव लिहिलं तुम्ही, म्हणून मी तोंड फिरवलं. तुम्ही कशाला फिरवता आता? पण कावळे आपले तिकडंच, लिंबावर, रस्त्याच्या पलीकडं.

पलीकडं.

वच्छलाबाईंनी खाली वाकून पाहिलं. गेट, गेटाबाहेर पांढरी रेघ, मग रस्ता, मग लिंब.

"ते हितं खायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"नियम कुणी लिहिलाय? मेलेला माणूस काय हद्द विसरतो व्हय?"

"काकू, पण ठराव केलाय आपण," सम्यक म्हणाला.

"तुझ्या ठरावावर चेअरमनची सही हाय का?"

सम्यकनं कागदाकडं पाहिलं. चेअरमनची जागा वर्षभर रिकामीच होती. कुणाला त्या जागेवर बसवत नव्हतं.

वच्छलाबाईंनी पत्रावळ उचलली. लिफ्टमधून शिजलेलं अन्न नेऊ नये, हा सव्विसावा नियम. म्हणून त्या जिना उतरल्या. गच्चीपासून चार मजले, एक हात कठड्यावर, एक हात पत्रावळीखाली. मेघा धरायला गेली तर म्हणाल्या, "सोड. माझे गुडघे मला ठाऊक हायेत."

गेटावर रामकिसन वॉचमन स्टुलावर बसला होता. पडेगावचाच म्हातारा, सोसायटी झाली तेव्हापासून तिथंच. बाई ताट घेऊन येताना पाहून तो उठला. वच्छलाबाईंनी चुन्याची रेघ ओलांडली आणि रस्त्याच्या कडेला वाकायला लागल्या.

"माय, तिथं नाय," रामकिसन म्हणाला. "हितं. ह्या दगडावर. साहेब हितंच टाकायचे."

वच्छलाबाई वाकल्या तशाच राहिल्या. "काय टाकायचे?"

"ज्वारी."

त्यांनी पत्रावळ त्या सपाट दगडावर ठेवली, का हातातून सुटली, कोण जाणे. ती टेकायच्या आत लिंबावरचा पहिला कावळा खाली आला. त्यानं खीर पाहिली नाही, भजी पाहिली नाहीत, थेट वडा उचलला. मागून दुसरा आला, तिसरा आला, आणि कुठून कुठून आणखी सात-आठ आले. वर गच्चीवरून चतुराबाई ओरडल्या, "शिवला! शिवला!" पाटावरच्या पाच जणांनी सुटकेचा श्वास सोडला, तो म्हणे तीन मजले खाली ऐकू आला.

वच्छलाबाई कावळ्यांकडं बघत नव्हत्या. रामकिसनकडं बघत होत्या.

"रोज यायचे, माय. सहाला. खिसाभर ज्वारी असायची. रेघ वलांडायचे, दोन पावलं पुढं जायचे, मंगच खिशात हात घालायचे. रेघेच्या आत दाणा सांडला तर वेचून बाहेर टाकायचे. पडले त्या दिवशीबी मुठीत दाणेच होते. मी काढून हितंच टाकले. म्हणलं, साहेबाचं काम आर्धं राहाया नको."

"कुणाच्या नावानं टाकायचे?"

"म्हणायचे, ही बाईची पाखरं हायेत, रामकिसन. माझ्यापायी उपाशी राहिली."

"आणि तू कधी बोलला नाहीस मला?"

"साहेबानं तंबी दिली होती. म्हणायचे, तू बोलू नको. ती येईल एक दिवस गेटापर्यंत. मीच दाखवीन." रामकिसननं खाली बघितलं. "मंग साहेबच गेले. आन् मला इचारलं कुणी?"

वच्छलाबाईंचा उजवा हात आपोआप उचलला गेला. मूठ वळली, उघडली. परत वळली, परत उघडली. आणि दाणे टाकणाऱ्या त्या हातात आपण किल्ल्यांचा जुडगा दिला होता.

"उंदीर," त्या म्हणाल्या. "उंदीर व्हय तुम्ही!" त्या हसायला लागल्या. "नऊ वर्षं भाकरी लावली मी पिंजऱ्याला. पिंजरा बी त्यांनीच आणलेला, रामकिसन!" हसता हसता त्यांचा आवाज फुटला आणि त्या रामकिसनच्या स्टुलावर खाली बसल्या. मेघा जिन्यातून धावत आली तर म्हणाल्या, "थांब तिथंच. मला जरा रागावू दे त्यांच्यावर."

आणि रागच आला होता. दोनशे पावलं रोज चालून हा माणूस दगडापर्यंत आला. स्वयंपाकघरात त्या चहा गाळत उभ्या असायच्या, दहा पावलांवर. तिथं येऊन, तुझी पाखरं मी सांभाळतोय, एवढं म्हणायला त्याला जमलं नाही. बत्तीस घरांच्या हद्दी ठरवल्या, आणि आपल्या दोघांच्या मधली तेवढी तशीच राहू दिली. पण मग त्यांना स्वतःचे गुडघे आठवले. चार किलोची पिशवी उचलणारे, आणि सकाळी त्यांच्याबरोबर गेटापर्यंत न येणारे. मग कुणावर रागवावं, हेच कळेना. पत्रावळ रिकामी होईपर्यंत त्या तिथं बसून राहिल्या.

पुढच्या रविवारी मीटिंग झाली. सम्यक म्हणाला, एकोणिसावा नियम काढून टाकू. आप्पासाहेबांच्या आठवणीसाठी. सगळ्यांनी हात वर केले. विरोधात कोण, असं त्यानं पद्धत म्हणून विचारलं, तर वच्छलाबाईंचा एकटीचा हात वर.

"काकू, तुमच्यासाठीच काढतोय."

"टाकीत पिसं जातील. पोरं आजारी पडतील. नियम बरोबर हाय, तेव्हाबी बरोबर होता." मग त्या म्हणाल्या, "फक्त त्या फळ्यावर परत कुणाचं नाव लिहू नका." फळा त्याच दिवशी उतरवला. रामकिसननं तो नेला आणि आपल्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं.

सोमवारी पहाटे वच्छलाबाईंनी ज्वारीचा डबा उघडला. गेल्या वर्षभरात त्यातली पसाभरही चोरीला गेली नव्हती. उंदीर मेला असंल, असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी ओंजळभर ज्वारी घेतली, पदरात बांधली आणि सहाला जिना उतरल्या. पावसानं चुन्याची रेघ जागोजागी पुसली होती. मारायला आता कुणी नव्हतं. त्यांनी अंदाजानं ती ओलांडली, दोन पावलं पुढं गेल्या, मगच गाठ सोडली.

लिंबावरून कावळे उतरायला लागले. साळुंक्या आल्या. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. वच्छलाबाईंनी मूठ भरली, उघडली, आणि शेजारी कुणी उभं असावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "आले हो. गेटापर्यंत आले."